विंचवाचे बिऱ्हाड आणि दोन हात

पनवेल हे पूर्वापार वाटसरूंचे गाव. मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचे आणि तेथून घाटाची वाट धरायची, असा पुण्याकडील प्रवासाचा एके काळी रिवाज होता. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी खाली उतरू लागला. गाड्यांमागोमाग चाके करणारे कारागीरही आले. ब्रिटिशकालीन गॅझेटियरने पनवेलचा उद्योग म्हणून बैलगाडीच्या चाकांची आवर्जून नोंद केली आहे.

त्या वाटेवरचा गाडीवान पुष्कळदा एकटाच असे. मुक्कामाला गाडी सोडताना चाकाला दगड लावायचा, जोखडाखाली टेकण द्यायचे आणि मगच बैल सोडायचे, हा क्रम त्याला कोणी लिहून दिलेला नव्हता. तो चुकला तर गाडी उताराला लागेल, एवढे मात्र तो पक्के जाणत होता. आज त्याच पनवेलहून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ सुरू होतो. त्या मार्गाने मोटारीमागे छोटे घर जोडून कोकणात उतरू पाहणाऱ्या माणसाला गाडीवानाचे हे शहाणपण नव्याने शिकावे लागते.

कॅम्पर ट्रेलर म्हणजे मोटारीमागे ओढायची दोन चाकांची पेटी. प्रवासात ती मिटलेली असते. मुक्कामावर झाकण उघडले की आतून राहुटी उलगडते, बिछाना पसरतो, मागच्या खणातून चूल आणि पाण्याची टाकी बाहेर येते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तिला शब्दशः लागू पडते. हौसेखातर चाकांवरचे घर घेऊन फिरण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत रुजवणाऱ्यांत डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचे नाव अग्रभागी आहे. १८८५ साली त्यांनी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी घेऊन ब्रिटनचा प्रवास केला. मात्र त्यांच्या दिमतीला एक गाडीवान आणि एक नोकर होता. आजच्या कुटुंबाजवळ ती सोय नाही. पेटी उघडणारा आणि मिटणारा बहुधा एकच असतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. मोटार वाहन कायद्याखालील वर्गीकरणात खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर बिगर-वाहतूक वाहनांत मोडतो. तरीही ट्रेलर हे कायद्याच्या दृष्टीने वाहनच आहे. त्यामुळे विकत घेण्याआधी त्याची मान्यता, नोंदणी आणि विमा यांची चौकशी परिवहन कार्यालयात करावी. आपली मोटार किती वजन ओढू शकते हे तिच्या पुस्तिकेत पाहावे. सौदा झाल्यावर कागद तपासण्याची सवय व्यापारी घराला नसतेच.

स्वतःच्या स्वयंपाकघराची ओढ

जैन कुटुंबाला या पेटीचे आकर्षण वाटण्याचे कारण उघड आहे. कंदमुळाशिवायचे जेवण, गाळून उकळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वीचा आहार या तीन गोष्टी परक्या गावी हॉटेलात मागून मिळतातच असे नाही. खाखरे, ठेपले आणि सुक्या नाश्त्यावर दोन दिवस निघतात, तिसऱ्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांना गरम खिचडी हवीशी वाटते. आपली चूल आपल्याबरोबर असली की प्रवास आणि नियम यांचे भांडण मिटते.

परंतु येथेच खरी कसोटी आहे. समजा, बाजारपेठेतील एखादा पन्नाशीचा दुकानदार वृद्ध आई आणि पत्नी यांना घेऊन चार दिवसांसाठी माणगाव-महाडच्या बाजूला निघाला. मुलगा दुकानावर. आईचे गुडघे धरलेले, पत्नीचे लक्ष आईकडे आणि स्वयंपाकाकडे. म्हणजे बिऱ्हाड मांडायला हात दोनच. नोव्हेंबर-डिसेंबरात या भागात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेचारला पोहोचलेला, घाईत दोर कुठला आणि कांब कुठली हे शोधणारा माणूस आईला वेळेत जेवू घालू शकत नाही. तिचा चौविहार मोडत नाही. ती उपाशी झोपते, आणि मुलाला ते जास्त लागते. म्हणून पहिला नियम घड्याळाचा. सूर्यास्तापूर्वी किमान तीन तास मुक्काम गाठावा. उशीर होणार असे दिसले तर वाटेतच जेवण उरकून घ्यावे.

मांडणीचा क्रम

एकट्या माणसाचा खरा मदतनीस म्हणजे क्रम. दोघे असले की एकाचे विसरलेले दुसऱ्याच्या लक्षात येते. एकटा असला की ते काम ठरलेल्या क्रमानेच करून घ्यावे लागते.

सर्वांत आधी जागा पायी फिरून पाहावी. अभयारण्यात किंवा वनजमिनीवर परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही. कृषी पर्यटन केंद्र किंवा ओळखीच्याचे आवार हेच उत्तम. कोकणात नारळाच्या झाडाखाली राहुटी लावू नये. वरून पडणारे नारळ किंवा झावळी जीवघेणी ठरते. खाडीकाठी भरतीची रेषा पाहावी. भातखाचराची जमीन वरून कोरडी दिसली तरी चाक रुतवते. मुंग्यांची रांग, वारूळ, बिळे पाहून जागा सोडावी. त्यात जीवदया आहे आणि स्वतःची रात्र सुखाची जाण्याची सोयही आहे.

मग ट्रेलर मागे घेणे. स्टिअरिंग डावीकडे वळवले की मागची पेटी उजवीकडे जाते, त्यामुळे नवखा गोंधळतो. युक्ती सोपी आहे. स्टिअरिंगच्या तळाशी हात धरावा. पेटी ज्या बाजूला जायला हवी, त्या बाजूला हात सरकवावा. मागे उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा कोणी नसतो, म्हणून दोन-तीनदा खाली उतरून पाहण्याची लाज बाळगू नये.

मोटारीपासून सोडण्याआधीच पेटी डावी-उजवीकडे समपातळीत आणावी. गवंड्याची छोटी पाणसळ येथे उपयोगी पडते. जे चाक खाली असेल त्याखाली फळी ठेवून त्यावर पेटी चढवावी. त्यानंतर हातब्रेक, आणि दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरी. पाचरी बसल्याशिवाय जोडणी सोडायची नाही. गाडीवानाचा दगड तो हाच. पुढचे छोटे चाक खाली घेऊन मोटार मोकळी करावी आणि त्याच चाकाने पुढची-मागची पातळी साधावी. शेवटी चार कोपऱ्यांचे पाय टेकवावेत. हे पाय पेटी डुलू नये म्हणून असतात. त्यांच्यावर सगळे वजन उचलले तर ते वाकतात.

राहुटी उघडताना वारा कोणत्या अंगाने येतो ते पाहावे आणि त्या बाजूच्या मेखा आधी ठोकाव्यात. मेख राहुटीपासून बाहेर कललेली असावी म्हणजे तणावा ओढला तरी ती उपटत नाही. जांभ्या दगडाच्या सड्यावर मेख शिरतच नाही. तेथे तणावे मोठ्या दगडांना किंवा पाण्याने भरलेल्या डब्यांना बांधावेत. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, त्यामुळे वीस लिटरचा डबा म्हणजे वीस किलोचा खुंटाच. सावलीचे पुढचे छत सर्वांत शेवटी लावावे. वारा जोराचा असेल तर ते लावूच नये. एकट्याच्या हातात ते शीड होते.

चुलीची जागा उघड्यावर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो खाली साचतो; सिलिंडर बंदिस्त खणात ठेवायचा असेल तर त्या खणाला तळाशी हवेची वाट हवी. बंद राहुटीत गॅस, स्टोव्ह किंवा शेगडी कधीही पेटवू नये, थंडीतही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. झोपलेला माणूस जागाच होत नाही.

एकट्याने काम करताना आणखी दोन पथ्ये आहेत. फोन खिशात असावा, गाडीत नव्हे. आणि मुक्काम कोठे आहे, परतणार केव्हा, हे घरी एकाला तरी सांगून ठेवावे. एकट्याने करण्याची हिंमत आणि कोणाला न सांगण्याचा हट्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुकान वाढवण्याची रीत

व्यापारी भाषेत दुकान ‘बंद’ करत नाहीत, ‘वाढवतात’. त्या शब्दात उद्याची आठवण आहे. रोकड मेळात बसली, माल जागेवर गेला, दिवा मालवला, मगच कुलूप. बिऱ्हाड आवरण्याचेही तसेच आहे. मांडताना उत्साह असतो. आवरताना घरी परतण्याची घाई असते, आणि चुका तेव्हा होतात. एकट्याने जाणाऱ्याची खरी पात्रता आवरण्यात दिसते.

आवरण्याचा क्रम मांडणीच्या उलटा. शेवटी लावलेले छत पहिल्याने उतरते. गॅसची झडप बंद, पाण्याची टाकी शक्य तितकी रिकामी, कारण निष्कारण ओढलेले चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. मेखा मोजून पिशवीत; वीस ठोकल्या असतील तर वीसच परत याव्यात. गवतात राहिलेली एक मेख म्हणजे उद्या कोणा गुराच्या पायात रुतणारा खिळा.

आणि कापड. साधु-साध्वी आपली वस्त्रे-पात्रे रोज दोन वेळा उलगडून डोळ्यांनी तपासतात. पडिलेहण हा त्यांच्या दिनचर्येचा भाग आहे. राहुटी मिटणाऱ्या गृहस्थाला त्या रीतीतून पुष्कळ शिकता येते. प्रत्येक घडी घालण्यापूर्वी कापड हलक्या हाताने झटकावे, कोपरे पाहावेत, पूंजणीने किंवा मऊ कुंच्याने कीटक, कोळी, पाने बाजूला करावीत. घडीत चिरडलेला जीव ही हिंसा तर आहेच. त्याच्या डागाने आणि कुजण्याने कापडही जाते. कोकणच्या दमट हवेत ओले कापड मिटले तर बुरशी धरते, आणि बुरशीतही जीव मानणाऱ्या घरात ती पुन्हा घासून काढणे हा दुसरा दोष. म्हणून उन्हे वर येईपर्यंत थांबावे. पावसात मिटावेच लागले, तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ते उलगडून वाळवावे.

सामान भरताना जड वस्तू धुरीच्या आसपास, तळाशी. जोडणीवर ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा यावा. सगळे ओझे मागे गेले तर वेगात पेटी डोलू लागते. मोटार जोडून जोडणीचे कुलूप बसले की नाही हे हाताने ओढून पाहावे. सुरक्षा साखळी लावावी, कोपऱ्यांचे पाय आणि छोटे चाक वर घ्यावे, मग पाचरी काढाव्यात. वळणदिवे आणि ब्रेकदिवे तपासताना ‘लागला का?’ विचारायला कोणी नसेल, तर फोन मागे टेकवून त्याचे चित्रण चालू ठेवावे, दिवे लावावेत आणि मग चित्रण पाहावे. निघण्यापूर्वी पेटीभोवती एक पूर्ण फेरी मारावी. त्या फेरीत तोंड बंद आणि डोळे उघडे असावेत.

अंगणातला पहिला मुक्काम

हे सारे पहिल्यांदा महाडला जाऊन शिकायचे नसते. पनवेलमध्येच, गोदामाच्या आवारात किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत, एखाद्या रविवारी दुपारी पेटी उघडावी आणि मिटावी. पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या वेळी घड्याळ लावून. पहिल्या खेपेला दीड तास लागला तरी खंत नको. कोठे वेळ गेला ते वहीत लिहावे. क्रमाची यादी जाड कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी. यादीवर विसंबणे म्हणजे स्मरणशक्तीचा अपमान नव्हे. खातेवही लिहिणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

या सरावातून आणखी एक गोष्ट हाती येते. प्रत्येक वस्तू आपणच काढायची आणि आपणच ठेवायची असली की अनावश्यक वस्तू आपोआप घरी राहतात. पहिल्या रविवारी सोबत असलेली तिसरी खुर्ची, दुसरी कढई, जादा गाद्या तिसऱ्या रविवारी दिसत नाहीत. परिग्रहाचे परिमाण करावे असे प्रवचनात पुष्कळदा ऐकलेले असते. ते पाठीच्या कण्याला येथे कळते.

मग एखाद्या हिवाळी दुपारी तीनच्या सुमारास तो दुकानदार माणगावजवळच्या एखाद्या आवारात गाडी थांबवतो. आई खुर्चीत बसून पाहत असते. जागा, पातळी, पाचरी, पाय, मेखा, चूल. साडेचारला पाणी उकळते, पाचला खिचडी तयार होते. सहाच्या आत जेवण आटोपून आई पच्चक्खाण घेते, आणि भांडी पुसून खणात जातात तेव्हा पश्चिमेला अजून उजेड असतो.