दहशतीचा प्रतिकार आणि शासनाची भाषा

राष्ट्राने दहशतीस उत्तर कसे द्यावे, हा प्रश्न सामान्यतः राजनीतीचे वा युद्धशास्त्राचे अभ्यासक हाताळतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात पडावे, हे काहींस अप्रस्तुत वाटेल. तथापि पूर्वीचा चांदा जिल्हा आणि त्यातून 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा यांचा गेल्या साडेचार दशकांचा इतिहास पाहिला, म्हणजे या प्रश्नाची भाषिक बाजू ध्यानी येते.

शेजारी राष्ट्र शत्रू असेल, तर सीमेवर सैन्य उभे करता येते. भामरागडकडे सीमा म्हणजे इंद्रावती नदी; तिच्या दोन्ही तीरांवर माडियाच बोलली जाते. येथे शत्रू कोण व आपला कोण, हे पोशाखावरून ओळखू येत नाही. ते गावकऱ्यांच्या तोंडूनच कळावयाचे.

1980 साली आंध्र प्रदेशातून नक्षलवाद्यांची पहिली पथके सिरोंचा भागात उतरली. त्या काळी गोंड वा माडिया शेतकऱ्याच्या ओळखीचे शासन म्हणजे मुख्यतः वनरक्षक. त्याच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीला 'जबरानजोत' असे नाव होते. एका शब्दाने कसणारा अपराधी ठरे. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा, दप्तर मराठी; तेव्हा आरोप काय आहे, हे आरोपीस समजेच असेही नाही. नक्षलवादीही परकेच, 'दलम' हा त्यांचा शब्द तेलुगू आहे. परंतु त्यांनी गोंडी आत्मसात केली, तेंदूपानांच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला, आणि गावकरी त्यांस 'दादा' म्हणू लागले. हा नात्याचा शब्द केव्हा आपुलकीने उच्चारला गेला आणि केव्हा भयाने, हे सांगणे कठीण. कारण याच दादांनी 'खबऱ्या' हा साधा मराठी शब्द प्राणघातक केला. तो ज्यास चिकटला, त्याचे प्रेत रस्त्यावर टाकलेले आढळे. आदिवासींच्या नावाने चाललेल्या या चळवळीच्या हातून मेलेल्या ग्रामस्थांत आदिवासीच अधिक होते.

शासनाने 1990 मध्ये स्थानिक तरुणांतून साठ जणांचे पथक उभारले. तेच पुढे 'सी-60' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याचे बळ शस्त्रांपेक्षा अधिक, जवानांस जंगल आणि गोंडी दोन्ही अवगत असण्यात होते, असे माझे मत आहे. किंमतही मोठी पडली. 8 ऑक्टोबर 2009 रोजी लाहेरीनजीक 17 पोलीस मारले गेले. 1 मे 2019 रोजी जांभुळखेड्याच्या भूसुरुंगात 15 जवान व वाहनचालक. पुढे पोलीस ठाण्यांतून दाखले व योजनांची कामे होऊ लागली, तेव्हा त्या उपक्रमास 'पोलीस दादालोरा खिडकी' हे गोंडी नाव दिले गेले. 'दादा' हा शब्दच परत मिळविण्याचा हा यत्न होय.

पेरू देशातील सत्यशोधन आयोगाने 2003 साली असे नमूद केले, की तेथील हिंसेत बळी पडलेल्या चौघांपैकी तिघांची मातृभाषा क्वेचुआ वा अन्य मूळ निवाशांची भाषा होती. आपल्याकडे अशी मोजदाद झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने मात्र दप्तरातील शब्द बदलला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये ग्रामसभेने स्वतःच्या परवान्याने बांबू विकला. ही घटना चकमकींच्या बातम्यांइतकी गाजली नाही; मला ती कोणत्याही चकमकीहून महत्त्वाची वाटते.

15 ऑक्टोबर 2025 रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. पोलीस पथकात गोंडीस स्थान मिळून तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती. शाळेची गोष्ट निराळी. 2011 च्या जनगणनेत गोंडी भाषक 29 लाखांहून अधिक नोंदले गेले, तरी आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत गोंडी नाही. धानोरा तालुक्यातच मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. ती अनधिकृत ठरविण्यात आली, आणि तिच्या मान्यतेसाठी ग्रामस्थांस उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागले.