‘जिंक्स’ म्हणजे काय? बातम्यांत येणाऱ्या या शब्दाचा अर्थ समजून घ्या

२०१३ ची चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकल्यानंतर आपल्या पुरुष क्रिकेट संघाला आयसीसीची एकही मोठी ट्रॉफी मिळत नव्हती. सेमीफायनल किंवा फायनलला जायचं आणि हरायचं. अखेर २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून भारताने टी-२० वर्ल्ड कप जिंकला. अशा विजयाला इंग्रजीत ‘जिंक्स तुटला’ म्हणतात. खताच्या दुकानातल्या झिंकशी याचा काही संबंध नाही बरं का!

जिंक्स म्हणजे मागे लागलेलं दुर्दैव, आपल्या बोलीत पनवती किंवा साडेसाती. एकदा मॅच हरली तर ते ‘बॅड लक’. पण त्याच मैदानावर किंवा दर फायनलला हरायला लागलो की लोक जिंक्स म्हणतात.

हा शब्द अमेरिकेत बेसबॉलच्या खेळातून साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रुळला. त्याचं मूळ बहुधा एका पक्ष्याच्या नावात आहे. सुतार पक्ष्याच्या कुळातला हा पक्षी सापासारखी मान वळवतो, म्हणून जुन्या ग्रीक लोकांनी त्याला जादूटोण्यात ओढलं. हिवाळ्यात तो भारतातही येतो. किडे-मुंग्या खातो, कुणाचं काही वाईट करत नाही.

‘डोन्ट जिंक्स इट’ असंही ऐकायला मिळतं. कांद्याला भाव चढलाय आणि कुणी म्हणालं, “यंदा लाखभर सुटणार!” की घरची म्हातारी म्हणते, “आधीच बोलू नको, दृष्ट लागंल.” अगदी तोच अर्थ.

मॅचपुरतं हे सगळं गमतीचं. पण हाच शब्द माणसालाही लावतात. आपल्याकडे लग्न होऊन आलेल्या सुनेला, घरात कुणी दगावलं की ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात, तसाच. सासरा आधीपासून आजारी होता, हे तेव्हा कुणी काढत नाही. पोरीला मात्र पुढं हळदी-कुंकवालासुद्धा बोलवत नाहीत.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हेही येतं. अमुक माणसामुळे दुसऱ्यांवर संकट येतं, असा समज पसरवून त्याचं जगणं अवघड करणं हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते.