कुरुंदाने त्वचा उजळते काय?

सुऱ्याकात्र्यांना धार लावणाऱ्याचे फिरते चाक पुष्कळांनी पाहिले असेल. अशा चाकांत ज्या कठीण खनिजाची भुकटी वापरीत आले आहेत, त्याला आपल्याकडे कुरुंद म्हणतात. रसायनशास्त्रात त्याचेच नाव अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. हे द्रव्य माणसाच्या चेहऱ्यावर फिरवितात असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहील. परंतु तसे करतात खरे. त्या उपचारास मायक्रोडर्मअ‍ॅब्रेजन, म्हणजे त्वचेचे सूक्ष्म घर्षण, असे नाव आहे. त्याचे यंत्र १९८५ साली इटलीत पुढे आले. आज ते त्वचारोगतज्ज्ञांकडेच नव्हे, तर ब्यूटी पार्लरमध्येही आढळते. वरच्या वर्गांतील मुलामुलींच्या बोलण्यात त्याचा उल्लेख आम्ही ऐकतो, आणि ‘त्याने रंग उजळतो’ हे वाक्यही त्याबरोबर ऐकतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्वचेचे मुख्य थर दोन : वरची बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत जन्म घेतात, हळूहळू वर सरकतात आणि पृष्ठभागी येईतो मृत होऊन चपट्या पडतात. या मृत पेशींचा थर तो शृंगस्तर. चेहऱ्यावर त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही सामान्यतः कमीच भरते. तळापासून वरपर्यंतचा हा प्रवास तरुणपणी सुमारे चार आठवड्यांत पुरा होतो. वय वाढते तसा तो रेंगाळतो.

यंत्राची धाव या शृंगस्तरापुरतीच. एका नळीतून कुरुंदाचे बारीक कण त्वचेवर झोताने सोडतात आणि सुटलेल्या मृत पेशींसह लगेच ओढून घेतात. काही यंत्रांत कणांऐवजी हिरकणी बसविलेले टोक असते. भूल द्यावी लागत नाही, रक्त येत नाही. थोडा वेळ लाली मात्र राहते. दिवाळीच्या पहाटे उटणे लावून अंग चोळताना आपण जे करतो, त्याचेच हे नेमके आणि खर्चिक रूप म्हटले तरी चालेल. निस्तेज व खरखरीत झालेली त्वचा याने मऊ होते, बुजलेली रंध्रे मोकळी होतात, अगदी वरवरच्या सुरकुत्या व डाग काहीसे फिके पडतात. २००९ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांना असेही आढळले की, जाड कणांच्या हिरकणीने घासल्यास खालच्या अंतस्त्वचेत कोलॅजेन निर्माण होण्यास चालना मिळते. परंतु एका बैठकीने भागत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात, आणि नवा शृंगस्तर तयार होतच राहत असल्यामुळे तकाकी टिकून राहत नाही.

मुरुमांनी पडलेले खोल खड्डे किंवा जुन्या पिढीच्या चेहऱ्यावरील देवीचे व्रण अंतस्त्वचेपर्यंत गेलेले असतात. तेथे हे यंत्र पोहोचत नाही. वांगाचा रंगही पुष्कळदा खोलवर मुरलेला असतो. आणि ज्याला आपण वर्ण म्हणतो, तो मेलॅनिन या रंगद्रव्याचा. ते बाह्यत्वचेच्या तळाशी तयार होते. वरचा थर कितीही घासला तरी तळाचा तो कारखाना चालूच राहतो. वर्ण हा मळ नव्हे, की जो घासून जावा.

उलट, सावळ्या त्वचेला इजा झाली तर तो कारखाना अधिकच जोराने चालू लागतो. याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. शाळेत असताना स्नेहसंमेलनातील नाटकात काम मिळाले, तेव्हा मुरूम जावेत म्हणून मीठ आणि लिंबू घेऊन आम्ही गाल चोळचोळून लाल केले. नाटक डाग घेऊनच पार पडले. ते तपकिरी डाग पुढे परीक्षा संपून सुटी लागली तरी गेले नव्हते! आई रागावली नाही, एवढेच नशीब. कुशल हातातील यंत्र मिठाइतके आडदांड नसते हे खरे. पण जोर अधिक झाला तर परिणाम तोच.

म्हणून चेहऱ्यावर मुरूम पिकलेले असताना, ओठांजवळ पाण्याचे फोड आले असताना किंवा त्वचेस संसर्ग झाला असताना हे घर्षण करीत नाहीत. मुरुमांसाठी औषधे चालू असल्यास ती त्वचारोगतज्ज्ञास आधी सांगावीत. घर्षणानंतर काही दिवस उन्हापासून चेहरा जपावा लागतो, सूर्यकिरणरोधक मलम लावावे लागते. खेळाच्या मैदानावर दुपार घालविणाऱ्या मुलामुलींना हे पथ्य सर्वांत जड जाते.