भोक न पडताही बुडालेलं जहाज

७ सप्टेंबर १८७०. मध्यरात्र उलटल्यावर केप फिनिस्टेरजवळ ब्रिटिश युद्धनौका 'कॅप्टन' वादळी वाऱ्यात आडवी झाली. सुमारे ४८० जण गेले. तळाला चीरही नव्हती.

सहाएक आठवड्यांपूर्वीच पोर्ट्समथला तिची कलचाचणी झाली होती. चाचणी तशी साधी : शांत पाण्यात दोर सैल सोडायचे, डेकवरचं ठरावीक वजन एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायचं आणि आत टांगलेला ओळंबा पट्टीवर किती हलला ते वाचायचं. त्यावरून गुरुत्वमध्याची उंची निघते. पण जहाज थोडं कललं, तेवढ्यापुरतंच हे उत्तर पुरतं. 'कॅप्टन'चे काठ इतके बुटके, की १४ अंशांवरच डेकची कड पाण्यात जाई. सावरण्याचा जोर २१ अंशांनंतर ओसरे. त्याच ताफ्यातल्या उंच काठाच्या 'मोनार्क'चा जोर ४० अंशांपर्यंत वाढत राही. ती तरली.

आजचे आंतरराष्ट्रीय नियम म्हणून थोडा कल आणि मोठा कल, दोन्ही पाहतात. थोड्या कलातली स्थिरता सांगणारी मालवाहू जहाजाची मेटासेंट्रिक उंची किमान ०.१५ मीटर हवी, शिवाय ३० अंशांवर किंवा त्यापुढे सावरण्याचा जोर दाखवणारी भुजा किमान ०.२० मीटर. अर्धवट भरलेल्या टाक्यांत हिंदकळणाऱ्या पाण्याची वजावट वेगळी!