कनिंगहॅमची काचपट्टी

औरंगजेबावर मराठीत जेवढं लिहिलं गेलं, तेवढं क्वचितच कुठल्या परक्या बादशहावर लिहिलं गेलं असेल. तरी त्याच्या नावाने ओळखला जाणारा आजार आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. ‘औरंगजेबी फोड’ असं त्याचं नाव. खुद्द बादशहाला तो झाला होता अशी आख्यायिका. इंग्रजांनी त्याला ‘दिल्ली बॉइल’ म्हटलं. या फोडाचा माग काढताना मला एक माणूस भेटला आणि मी त्याच्यापाशीच रेंगाळलो. त्याचं नाव डेव्हिड डग्लस कनिंगहॅम.

फोड येतो तो असा: गाल, नाक, मनगट, पोटरी अशा उघड्या जागी लालसर पुटकुळी उठते. महिनोन्‌महिने चिघळते, खपली धरते, पुन्हा ओलावते आणि वर्षभराने आपसूक भरते. मागे राहतो खोलगट, आक्रसलेला व्रण. एकदा झाला की सहसा परत होत नाही. पश्चिम आशियात म्हणूनच मुलांना तो मुद्दाम झाकलेल्या जागी टोचत, म्हणजे चेहरा वाचे.

१८५७ नंतर दिल्लीत गोऱ्या पलटणींचा तळ पडला, शिपायांना फोड येऊ लागले आणि मग सरकारला चौकशी सुचली. कलकत्त्याचे डॉक्टर टिमोथी लुईस आणि कनिंगहॅम कामाला लागले. १८७७ च्या अहवालात त्यांनी विहिरींच्या जड पाण्याला दोष दिला. पुढच्याच वर्षी याच लुईसने उंदराच्या रक्तातल्या एका शेपटीवाल्या एकपेशीय जिवाचं वर्णन केलं. तो या फोडाच्या जंतूचा भाऊबंदच, पण हे नातं ओळखण्याइतकं ज्ञान तेव्हा कुणापाशीच नव्हतं.

१८८५ मध्ये कनिंगहॅमने दिल्ली फोडाच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. त्याला मोठ्या गोलसर पेशी दिसल्या आणि त्यांच्या पोटात दाटीवाटीने बारीक कण. मोठी पेशी हाच परजीवी, एखाद्या श्लेष्म-बुरशीसारखा, आणि आतले कण म्हणजे त्याची बीजं, असा अर्थ त्याने लावला. खरं तर मोठी पेशी रुग्णाचीच होती, जंतू गिळणारी रक्षक पेशी. परजीवी होते ते आतले कण. गुन्हेगार समोर दिसत होता, फक्त घर आणि घुसखोर यांची अदलाबदल झाली. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा दावा मांडला, तोही कनिंगहॅमने मान्य केला नव्हता. हट्टी माणूस. पण जे दिसलं ते त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं, आणि म्हणूनच आज आपण त्याची चूक नेमकी दाखवू शकतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

१८९८ मध्ये ताश्कंदचा लष्करी डॉक्टर बोरोव्स्की याने हा एकपेशीय जीव अचूक ओळखला. पण लेख रशियनमध्ये, त्यामुळे बाकी जगाने कित्येक वर्षं वाचलाच नाही. १९०३ मध्ये बोस्टनच्या जेम्स राइटने एका आर्मेनियन मुलीच्या फोडात तो पाहिला. त्याच वर्षी लीशमन आणि डोनोव्हन यांनी काला आजाराचा, म्हणजे प्लीहा फुगवणाऱ्या जीवघेण्या तापाचा जंतू जाहीर केला. दोन्ही जंतू एकाच वंशाचे, आणि त्या वंशाला नाव लीशमनचं लागलं. कनिंगहॅम आणि बोरोव्स्की दोघेही बाजूला पडले.

फोडाचा हा जंतू पसरवते सँडफ्लाय नावाची माशी. तीनेक मिलिमीटरची, केसाळ, आवाज न करणारी, बसताना पंख उभे धरणारी. नागपूरजवळच्या चांदीपुऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा विषाणूही हीच जात पसरवते, म्हणून मराठी वाचकाला ती अगदी परकी नाही. डासासारखी ती पाण्यात वाढत नाही. भिंतींच्या ओलसर भेगांत, शेणा-पाचोळ्यात तिच्या अळ्या वाढतात. चावा आणि फोड यांत आठवडे-महिने जातात. मग पाण्यावर संशय गेला तर नवल काय! तिच्यावरचा आरोप पक्का व्हायला १९२१ उजाडावं लागलं. संशोधक सर्जां बंधूंनी पकडलेल्या माश्या कुटून स्वयंसेवकांच्या कातडीत घातल्या, तेव्हा फोड उठला.

पुढे हिवतापासाठी घराघरांत डीडीटी फवारलं गेलं आणि या माश्याही मेल्या. दिल्लीचा फोड जवळपास दिसेनासा झाला, तो असा दुसऱ्याच कामाच्या ओघात. राजस्थानात बिकानेरकडे मात्र तो अजून आढळतो.

आज दिल्लीच्या दवाखान्यांत याच वंशाच्या जंतूचा वेगळा आजार येतो. बिहारमध्ये काला आजार होऊन बरे झालेल्यांच्या कातडीवर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी फिकट चट्टे आणि गाठी उठतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत. अनेकदा त्यांना कुष्ठ समजून भलतेच उपचार होतात, आणि चट्ट्यातला जंतू तोवर माशीला आयता मिळतो. ओळखायची एक खूण अशी, की कुष्ठाच्या चट्ट्यावर संवेदना बधिर होते, इथे शाबूत असते. बिहारहून आलेल्या मजुराच्या चेहऱ्यावर असा चट्टा दिसला, तर डॉक्टरने त्याला पूर्वी काला आजार झाला होता का, हे विचारायलाच हवं.