बाकाखालून फिरणारी चिठ्ठी

जुलै २०१३. शांघायमधल्या एका वराहपालन केंद्रातल्या डुकराकडून घेतलेल्या नमुन्यात चिनी संशोधकांना ई. कोलाय हा जीवाणू सापडला. त्यात नवल काहीच नव्हते. ई. कोलाय डुकराच्या पोटात असतो, कोंबडीच्या असतो, आपल्याही असतो, आणि बहुतेक वेळा कुणाला त्रास न देता नांदतो. नवल पुढेच होते. या जीवाणूवर कोलिस्टिन चालत नव्हते, आणि औषधाला न जुमानण्याचा हा गुण तो शेजारच्या जीवाणूंनाही वाटत सुटला होता.

कोलिस्टिन हे जुने अँटिबायोटिक. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून डॉक्टरांनी ते एकेकाळी जवळजवळ बाजूला ठेवले होते. पुढे नवी औषधे एकामागून एक निकामी होऊ लागली, तेव्हा अतिदक्षता विभागांनी तेच पुन्हा फडताळातून काढले. बाकी सारे उपाय थकल्यावर द्यायचे औषध, अशी आता त्याची ओळख आहे. चीनमधल्या रुग्णालयांत मात्र त्या काळी ते माणसांवर वापरात नव्हते. ते जात होते पशुखाद्यात, जनावरे लवकर भरावीत म्हणून.

जीवाणूचा डीएनए वाचल्यावर उलगडा झाला. ई. कोलायच्या मुख्य गुणसूत्रात सुमारे ४६ लाख अक्षरे असतात. त्याखेरीज डीएनएची छोटी, सुटी वर्तुळेही जीवाणूजवळ असू शकतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. शांघायच्या जीवाणूतल्या अशाच एका ६४ हजार अक्षरांच्या वर्तुळावर नवे जनुक बसले होते. त्याचे नाव ठेवले एमसीआर-१. या जनुकामुळे जीवाणूच्या बाहेरच्या आवरणावर एक रासायनिक तुकडा चिकटतो, आवरणाचा ऋणभार घटतो आणि धनभारित कोलिस्टिनला तिथे पकडच मिळत नाही.

प्लाझ्मिड म्हणजे वर्गात बाकाखालून फिरणारी चिठ्ठी. फरक एवढाच, की इथे मूळ चिठ्ठी स्वतःजवळ ठेवून नक्कल पुढे सरकवली जाते, आणि घेणारा आपल्याच जातीचा असावा अशीही अट नसते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये आणि १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांत हे जनुक मिळाले होते. माणसांना जे औषध दिलेच जात नव्हते, त्याला दाद न देणारे जीवाणू माणसांत पोहोचले होते.

बातमी येताच डेन्मार्कच्या संशोधकांनी नवे नमुने गोळा केले नाहीत. आधी वाचून संगणकात ठेवलेले सुमारे ३,००० जीवाणूंचे जीनोम, म्हणजे त्यांचा संपूर्ण डीएनए, त्यांनी चाळले. रक्तात संसर्ग झालेल्या एका रुग्णाच्या जीवाणूत आणि आयात केलेल्या कोंबडीच्या मांसाच्या पाच नमुन्यांत एमसीआर-१ निघाले. त्यातले मांस २०१२ ते २०१४ मधले होते. एकदा नीट वाचून ठेवलेला जीनोम असा उपयोगी पडतो. त्या वेळी कुणाला सुचलाही नव्हता, त्या प्रश्नाचे उत्तर तो नंतर देतो.

हे वाचन होते कसे? नमुन्यातला जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्याचा डीएनए काढतात. बरीच यंत्रे तो शे-दोनशे अक्षरांच्या तुकड्यांत वाचतात आणि संगणक ते तुकडे जुळवतो, फाटलेल्या पोथीची पाने लावावीत तसे. अडचण येते ती प्लाझ्मिडशी. त्यावर त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा येतात, मग कुठला तुकडा कुठे बसवायचा हे कळेनासे होते. म्हणून हजारो अक्षरे सलग वाचणारी यंत्रेही जोडीला घेतात.

एवढा खटाटोप कशासाठी, हे इंग्लंडमधल्या एका अभ्यासावरून कळते. तिथल्या पूर्व भागातले पशुपालन केंद्रांतले आणि विक्रीच्या मांसातले ४३१ ई. कोलाय रुग्णांच्या रक्तातल्या १,५१७ ई. कोलायशी ताडून पाहिले गेले. २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की दोन्हीकडची घराणी बहुतांशी वेगळी होती आणि जनावरांकडून माणसांकडे अलीकडे संक्रमण झाल्याच्या खुणा फारच थोड्या होत्या. दोन ठिकाणी सारखेच जनुक दिसले, एवढ्यावर एकाने दुसऱ्याला दिले असे म्हणता येत नाही. जीवाणू तोच आहे, की जीवाणू निराळा पण चिठ्ठी तीच, की दोन्ही निराळे, हे पूर्ण वाचनाशिवाय ठरत नाही.

सांडपाण्यातून अशी जनुके शोधण्याचे काम जरा वेगळे. एकेका रुग्णाला न शोधता अख्ख्या शहराच्या आतड्यांचा नमुना गटारात आयता मिळतो. डेन्मार्कच्याच पुढाकाराने ६० देशांतल्या ७९ ठिकाणचे सांडपाणी तपासले गेले. जीवाणू न वाढवता पाण्यातला सगळा डीएनए एकदम वाचला. प्रतिरोधक जनुकांचे प्रमाण युरोप, उत्तर अमेरिकेपेक्षा आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत जास्त निघाले. ते औषधांच्या वापरापेक्षा स्वच्छतेच्या आणि आरोग्याच्या सोयींशी अधिक जुळत होते. या पद्धतीत खिचडी मात्र होते. कुठले जनुक कुठल्या जीवाणूचे, हे सहज सांगता येत नाही.

भारताला हा विषय नवा नाही. २०१० मध्ये नवी दिल्लीत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी दोन नमुन्यांत एनडीएम-१ हे दुसरे प्रतिरोधक जनुक आढळले होते. त्याच्या नावातच नवी दिल्ली असल्याने तेव्हा वादही बराच पेटला. कोलिस्टिनबाबत भारताने जुलै २०१९ मध्ये पाऊल उचलले आणि खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यपालनात आणि पशुखाद्यात त्याचा वापर बंद केला.

चीनने ते त्याआधीच, २०१७ मध्ये, वाढीसाठीच्या पशुखाद्यातून काढले होते. तिथले पशुखाद्यात मिसळायच्या कोलिस्टिनचे उत्पादन २०१५ मधल्या २७,१७० टनांवरून २०१८ मध्ये २,४९७ टनांवर उतरले. कोलिस्टिनला न जुमानणारे ई. कोलाय डुकरांत ३४ टक्क्यांवरून सुमारे पाच टक्क्यांवर आले. रुग्णालयांत तपासलेल्या लोकांपैकी एमसीआर-१ असलेले जीवाणू पोटात बाळगणारे २०१६ मध्ये १४.३ टक्के होते, २०१९ मध्ये ६.३ टक्के उरले. आणि मधल्या काळात, त्याच २०१७ साली, चीनमधल्या डॉक्टरांनी माणसांसाठी कोलिस्टिन वापरायला सुरुवात केली होती.