बेळगावची सायकल, वाडीचा नांगर

औंध आज सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगलीत. १९१० मध्ये मात्र कुंडल रोड स्टेशनजवळचा तो निवडुंगाने भरलेला माळ औंध संस्थानाचाच होता. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तो लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिला, शिवाय दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. लोखंडी नांगरांचा हा कारखाना, पण त्याची सुरुवात झाली होती सायकलींपासून.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. नोकरी सांभाळून ते मुंबईत सायकली विकत घेत आणि बेळगावला थोरले बंधू रामूअण्णांकडे पाठवत. रामूअण्णा गिऱ्हाइकाला सायकल विकत आणि ती चालवायलाही शिकवत. शिकवणीचे पंधरा रुपये! हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

त्याच सुमारास युरोपात लॉरिन आणि क्लेमेंट ही जोडी सायकली बनवत होती. १८९९ मध्ये ती मोटारसायकलींकडे वळली, पुढे मोटारींकडे. त्यांचीच कंपनी नंतर स्कोडात विलीन झाली. लक्ष्मणरावांची वाट वेगळी झाली, कारण त्यांच्या भोवतालचा माणूस शेतकरी होता. त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग नांगर.

नांगर बनवण्यापेक्षा खपवणं अवघड. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. इथे सायकलच्या धंद्यातला धडा कामी आला असणार: नवं यंत्र विकायचं तर ते वापरायलाही आपणच शिकवायचं. १९२० मध्ये वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं, तेही आधी कारखान्याच्या मालाची माहिती देणारं पत्रक म्हणूनच. त्याआधी पहिल्या महायुद्धात नांगर बनवणंही अवघड झालं होतं. लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. केवढी दूरदृष्टी!

वाडीत पुढे उसाचे चरक झाले, पंप झाले. इंजिनवर चालणारी दुचाकी या भागात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली ती साताऱ्यात. १९७५ मध्ये बजाज आणि सरकारी महामंडळाच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन झाली आणि तिची ‘प्रिया’ घरोघरी पोचली.